सरळ चालणारा खेकडा

एका गावात एक भोळा जावई राहायला आला होता. गाव सासऱ्याचं होतं. भोळेपणा त्याचा स्वतःचा होता.

जावयाचं नाव येसबा. त्याला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा आणि जसं सांगाल तसंच करायचा. त्याची बायको हौसा म्हणायची, "माणूस वाईट नाही. सांगितलेलं ऐकतो. तीच तर पंचाईत आहे."

हौसा पंचमीला माहेरी आली होती. पंचमी होऊन महिना झाला तरी तिच्या वडिलांनी, म्हणजे रंगरावांनी, तिला परत धाडली नव्हती. कारण त्यांच्या कानावर एक गोष्ट आली होती. येसबाच्या आईनं त्याला सांगितलं होतं, "म्हशीला नदीवर नेऊन पाणी दाखवून आण." येसबानं म्हैस नदीवर नेली, पाणी दाखवलं आणि घरी आणली. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी म्हैस दावं तोडून एकटीच नदीवर गेली.

"म्हशीनं दावं तोडलं," रंगराव बायकोला म्हणाले. "माझ्या पोरीनं काय तोडायचं?"

एक दिवस येसबा बायकोला न्यायला आला. हौसानं हिरवी पत्र्याची ट्रंक भरून उंबऱ्याशी आणून ठेवली. तिला जायचं होतं. रंगरावांना खात्री हवी होती. पण जावयाला तोंडावर कसं बोलणार? जावई दाराशी आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, बसायला पाट द्यायचा आणि जावईबापू म्हणायचं. रंगरावांनी हे सगळं केलं. मग म्हणाले, "जावईबापू, आठ दिवस राहा. आमच्या टॉकीजला थोडा हात लावा. एक काम तुमच्या हातून नीट पार पडलं की हौसाला घेऊन जा."

रंगरावांची टॉकीज म्हणजे पत्र्याची शेड. आत लाकडी बाकडी, पुढं पडदा, मागं माळ्यावर यंत्र. त्या शुक्रवारी तिथं नवा सिनेमा लागला होता. नाव 'महाखेकडा'. परदेशात तयार झालेला आणि आपल्याकडं आणून बोलायला शिकवलेला. त्यातल्या माणसांचं तोंड आधी हलायचं आणि आवाज मागून यायचा. एका बेटावर काही शहाणी माणसं जातात, तिथं ऐंशी फुटी खेकडा असतो, तो जहाज मोडतो, पूल मोडतो, शेवटी एक मोठं शहर मोडतो. सगळी यंत्रांची करामत. जाहिरातीत लिहिलं होतं की खेकड्याच्या नुसत्या मिशा हलवायला चाळीस माणसं लागली. गोष्ट लिहायला किती लागली ते लिहिलं नव्हतं.

सिनेमाची पेटी शहरातून सामंत नावाच्या गृहस्थांकडून आली होती. पुढच्या गुरुवारी सामंत स्वतः येणार होते. गावाचं मत चांगलं दिसलं तर पेटी जत्रेपर्यंत इथंच राहणार होती. नाही तर जीपमधून पलीकडच्या गावी जाणार होती.

रंगरावांनी येसबाच्या हातात एक वही आणि पेन्सिल दिली. "जावईबापू, काम सोपं आहे. खेळ सुटला की दारात उभं राहायचं. बाहेर पडताना लोक जे बोलतील ते शब्दाला शब्द लिहून आणायचं."

"शब्दाला शब्द," येसबा म्हणाला.

दुपारचा खेळ सुटला. येसबानं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. संध्याकाळी रंगरावांनी वही उघडली.

पहिली नोंद होती, 'माझी दुसरी चप्पल कुठाय.' दुसरी, 'पाय दे की जरा बाजूला.' तिसरी, 'बाहेर ऊन किती आहे बघ.' चौथी, 'पोराला आधी आडोशाला ने.' अशा त्रेचाळीस नोंदी होत्या. त्यांतल्या एकोणीस चपलांविषयी होत्या.

"जावईबापू," रंगराव म्हणाले, "ह्यात खेकडा कुठं आहे?"

"खेकडा आत असतो मामा. दारात चपला असतात."

रंगरावांनी डोळे मिटले. तांब्याभर पाणी प्याले. मग म्हणाले, "तुमचं चुकलं नाही. माझं सांगायचं चुकलं."

"असू दे मामा," येसबा म्हणाला. "होतं असं."

आत मामींनी, म्हणजे हौसाच्या आईनं, हिरवी ट्रंक उंबऱ्यापासून हातभर आत ओढली.

रंगराव म्हणाले, "नुसतं ऐकायचं नाही. माणसाला दारात अडवायचं. हात जोडून विचारायचं, सिनेमा कसा वाटला? उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही. मग समोर कोणी का असेना."

"उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी येसबा खेळाच्या तासभर आधीच दारात जाऊन उभा राहिला. तिकीट काढून पहिला माणूस आला. तो केस कापणारा दत्तोबा होता. येसबानं दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि मग ते जोडले.

"सिनेमा कसा वाटला?"

"अहो पाव्हणं, मी अजून आत गेलो नाही."

"ते बरोबर आहे. कसा वाटला?"

"आत गेल्यावर कळंल ना?"

"उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही."

मागं रांग लागली. घंटा झाली. आत दिवे गेले. माळ्यावरच्या चाँदभाईंनी यंत्र सुरू केलं आणि महाखेकडा रिकाम्या बाकड्यांवर चालून आला. जहाज मोडलं ते कोणी बघितलं नाही. बाहेर दत्तोबाला जहाज मोडल्याचा आवाज आला तसा तो म्हणाला, "छान आहे. एकदा बघण्यासारखा आहे. आता सोडा."

येसबानं लिहून घेतलं आणि सोडलं. मग सगळ्यांना युक्ती कळली. जो तो येऊन म्हणू लागला, छान आहे, एकदा बघण्यासारखा आहे. एक जण म्हणाला, "खेकड्याचं काम फार चांगलं झालंय." दुसरा म्हणाला, "पहिल्या भागाइतका हा जमला नाही." पहिला भाग कुठला, ते येसबानं विचारलं नाही. त्याला विचारायला सांगितलं नव्हतं. सगळा गाव आत गेला तेव्हा पडद्यावर शहर पडून झालं होतं आणि नावं वर सरकत होती.

रंगरावांनी वही वाचली. एकशे सहा मतं होती. सगळी चांगली.

"हे लोकांनी सिनेमा बघून सांगितलं?"

"न बघता मामा. पटापट सांगितलं. काल बघून निघाले तेव्हा कोणी चकार शब्द बोललं नव्हतं."

रंगरावांनी डोळे मिटले. तांब्याभर पाणी प्याले. "जावईबापू, तुमचं चुकलं नाही. माझं सांगायचं चुकलं."

"असू दे मामा. होतं असं."

ट्रंक आणखी हातभर आत गेली.

"हे बघा," रंगराव म्हणाले, "नियम असा आहे. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मत नाही. अर्ध्यात दिलेलं मत ते मत नव्हे. हे आयुष्यभर लक्षात ठेवा."

"आयुष्यभर," येसबा म्हणाला. आणि त्यानं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दिवशी जावयासाठी मामींनी खेकड्यांचा रस्सा केला होता. भागाबाई नावाची एक बाई नदीतले खेकडे धरून बाजारात विकायची, तिच्याकडून टोपलीभर आणले होते. येसबा पाटावर बसला. दोन घास झाले तसं मामींनी विचारलं, "जावईबापू, रस्सा कसा झालाय?"

येसबा घास थांबवून म्हणाला, "आत्ता सांगता येणार नाही."

"का बरं?"

"शेवट बघितला नाही."

मामींना वाटलं जावई मस्करी करतोय. त्यांनी आणखी वाढलं. येसबानं ते संपवलं. त्यांनी पुन्हा विचारलं. येसबानं पातेल्यात वाकून बघितलं आणि मान हलवली. पातेलं सात माणसांचं होतं. येसबानं घाम पुसत ते तळापर्यंत नेलं. मग पळी खरवडली, हात धुतला आणि मत दिलं.

"मध्यंतरापर्यंत चांगला होता. पुढं लांबला."

बाकीच्या सहा माणसांनी त्या दिवशी भाकरी आणि कांदा खाल्ला. हौसा नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, सगळं एकट्यानं संपवायचं नसतं. मागून येणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी थोडं राखून ठेवावं."

"किती राखावं?"

"शेवटचं थोडं."

"शेवटचं थोडं," येसबा म्हणाला.

आता टॉकीजमधलं एक काम येसबाकडं आलं होतं. सिनेमाची आठ रिळं गोल डब्यांत असायची. खालून एकेक डबा चाँदभाईंच्या हातात द्यायचा. चाँदभाई यंत्रावरून नजर काढत नसत. नुसता हात खाली करायचे. येसबा त्यावर डबा ठेवायचा. एक झालं, दोन झाली, सात झाली. पडद्यावर महाखेकड्यानं नायिकेवर नांगी उचलली होती. नायिका किंचाळायच्या बेतात होती. चाँदभाईंनी हात खाली केला.

हातावर काही आलं नाही.

"येसबाराव, आठवं द्या."

"आठवं राखून ठेवलंय."

"कुणासाठी?"

"मागून येणाऱ्यांसाठी. संध्याकाळचा खेळ आहे ना."

चाँदभाई माळ्यावरून उतरले. तोवर पडदा पांढरा झाला होता आणि लोक बाकडी बडवत होते. आठवं रीळ रंगरावांच्या घरी फडताळात सापडलं. येसबानं त्यावर ताट झाकून ठेवलं होतं.

लोक शिव्या देत बाहेर पडले. फक्त देशमाने गुरुजी शांत होते. हे निवृत्त मास्तर. तालुक्याच्या साप्ताहिकात ते सिनेमावर लिहीत. कुठल्याही सिनेमाविषयी त्यांचं एक मत ठरलेलं होतं, 'तंत्र आहे, आत्मा नाही.' गावात नवा पूल झाला तेव्हाही त्यांनी तेच लिहिलं होतं. पण त्या दिवशी गुरुजी पायरीवर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रंगराव, असा शेवट मी आयुष्यात बघितला नाही. नांगी वर उचललेली, आणि पुढं नुसता पांढरा पडदा. काही सांगितलं नाही. सगळं प्रेक्षकावर सोडलं. ह्याला म्हणतात धाडस."

"गुरुजी, ते रीळ फडताळात होतं."

"असेल. पण परिणाम बघा."

रंगरावांनी डोळे मिटले. ह्या वेळी दोन तांबे पाणी प्याले. "जावईबापू, तुमचं चुकलं नाही. सांगायचंच चुकलं. कुणाचं ते जाऊ दे."

"असू दे मामा. होतं असं."

ट्रंक आता माजघरापर्यंत आली होती. हौसा ती रोज उंबऱ्याकडं ढकलायची आणि मामी रोज आत ओढायच्या. फरशीवर रेघ पडली होती.

मंगळवारी बाजार होता. खेळाला गर्दी झाली. भागाबाईही टोपली रिकामी करून सिनेमाला आली. आयुष्यात तिनं जेवढे खेकडे बघितले होते तेवढी माणसं नसतील बघितली. खेळ सुटल्यावर तिनं रंगरावांना टॉकीजच्या अंगणात गाठलं.

"मालक, असला सिनेमा लावता होय?"

"काय झालं भागाबाई?"

"खेकडा सरळ चालतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नाकासमोर चालतोय. बैलासारखा. माझ्या जन्मात खेकडा असा चालला नाही. तिरका चालतो तो, बाजूनं. मिशांना म्हणं चाळीस माणसं लावली. त्यांतल्या एकानं तरी नदीवर येऊन खेकडा बघायचा होता."

आजूबाजूला लोक जमले. भागाबाईचं खरं होतं. ज्यांनी सिनेमा दोनदा बघितला होता त्यांनाही हे आत्ताच खटकलं. दत्तोबा म्हणाला, "माझं दुसरंच म्हणणं आहे. खेकडा पाऊण तासानं येतो. तोवर ती बाई आणि तो डॉक्टर नुसते बोलत बसतात. राक्षसाच्या सिनेमात माणसं घालायचीच कशाला?" कोणी म्हणालं, आवाज फार. कोणी म्हणालं, एवढा मोठा खेकडा तोफेनं जाळला, नुसत्या एका नांगीत गाव जेवलं असतं. पण शेवटी सगळे भागाबाईच्या बाजूनं झाले. खेकडा सरळ चालतो, म्हणजे फसवणूक आहे.

रंगराव घाबरले. गुरुवार दोन दिवसांवर होता. ते कपाळाला हात लावून येसबाला म्हणाले, "जावईबापू, प्रेक्षक हा देव आहे. त्याची तक्रार असली की ती दूर झाली पाहिजे. पण खेकड्याला मी कसा वळवू?" आणि ते घरी जाऊन पडून राहिले.

येसबानं विचार केला. प्रेक्षक देव आहे. तक्रार दूर झाली पाहिजे. खेकड्याला वळवता येत नाही.

बुधवारी सकाळी तो एकटाच टॉकीजमध्ये गेला. सुतारकामाची हत्यारं घेऊन गेला. जमिनीत ठोकलेली सगळी बाकडी त्यानं उपटली, आडवी फिरवली आणि पुन्हा ठोकली. आता बाकड्यावर बसलं की समोर पत्र्याची भिंत यायची. पडदा उजव्या खांद्याकडं राहायचा.

बुधवारी दुपारी लोक आले आणि जसं बाकडं होतं तसे बसले. खेळ सुरू झाला. सगळ्यांनी माना उजवीकडं वळवल्या. महाखेकडा निघाला. आजवर तो समोरून यायचा. आता तो बाजूनं आला.

शेडमध्ये सुस्कारा उमटला.

"आता बरोबर," भागाबाई म्हणाली. "आता खेकडा वाटतोय."

गुरुवारी सामंत आले. शहरी माणूस, हातात कातड्याची बॅग. दुपारच्या खेळाला ते मागं उभे राहिले. त्यांनी बाकडी बघितली. त्यांनी रंगरावांकडं बघितलं. आपणही ही बाकडी पहिल्यांदाच बघतोय हे रंगरावांनी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती आणि तांब्या घरी होता.

खेळ सुटला. सामंतांनी बाहेर पडणाऱ्या दहा जणांना विचारलं, सिनेमा कसा वाटला? दहाही जणांच्या माना उजवीकडं आखडलेल्या होत्या. त्यामुळं ते सामंतांशी बोलताना शेजारच्या पिंपळाकडं बघत होते.

"असा खेकडा झाला नाही," पहिला म्हणाला.

"आधी खोटा वाटायचा. आता अंगावर येतो," दुसरा म्हणाला. "कानाच्या बाजूनं येतो."

"करामत करावी तर अशी," तिसरा म्हणाला.

भागाबाई म्हणाली, "चाल सुधारली त्यानं."

देशमाने गुरुजी म्हणाले, "परवा आत्मा होता. आज तंत्रही आहे."

सामंतांनी वीस वर्षांत असं गाव बघितलं नव्हतं. त्यांनी बॅग मिटली. "रंगराव, पेटी जत्रेपर्यंत तुमच्याकडंच राहू दे. आमचा धंदा असा आहे बघा. माल पुढं न्यायचा की नाही हे आपण ठरवायचं नाही. गावातल्या दहा जणांना विचारायचं. त्यांनी चांगलं म्हटलं तर न्यायचं. आपल्याला काय आवडतं ह्याला किंमत नाही."

येसबा शेजारी उभा होता. त्यानं हे नीट ऐकून घेतलं.

सामंतांची जीप गेली. रंगराव जागच्या जागी बसले. मग उठून त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जावईबापू, मी तुम्हाला ओळखलं नाही. काम झालं. नीट झालं. उद्या सकाळी हौसाला घेऊन जा."

घरी हौसानं ऐकलं. तिनं ट्रंक उचलली, रेघेवरून न ढकलता थेट उचलली, आणि उंबऱ्याबाहेर अंगणात नेऊन ठेवली. मग आत येऊन तिनं नवऱ्याला न मागता चहा दिला.

शुक्रवारी सकाळी येसबा लवकर उठून बाहेर गेला. हौसाला वाटलं, बैलगाडी सांगायला गेला. मामींनी ओटीचं ताट तयार केलं. शेजारपाजारच्या बायका आल्या. गाडी दाराशी लागली. ट्रंक गाडीत चढली. येसबा दोन तासांनी आला. त्याच्या काखेत वही होती.

मामींनी लेकीची ओटी भरली. हौसा आईच्या पाया पडली. मग रंगराव पुढं झाले. लेक सासरी धाडताना बाप बोलतो ते ते बोलू लागले. हे सगळेच बोलतात आणि त्यावर जावयानं नुसतं, "छे छे मामा," म्हणायचं असतं.

"जावईबापू, पोर लाडात वाढली आहे. काही कमीजास्त असेल तर सांगा."

"सांगतो मामा," येसबा म्हणाला आणि त्यानं वही उघडली.

रंगरावांना काही कळेना. "हे काय?"

"दहा जणांना विचारून आलो. पुढं न्यायची की नाही हे आपण ठरवायचं नाही. सामंतसाहेब म्हणाले."

"काय विचारून आलात?"

"हौसा कशी वाटली?"

ओटीचं ताट मामींच्या हातात तसंच राहिलं. येसबानं घसा साफ केला. अक्षर सुरेख असल्यामुळं तो कुठंही अडखळला नाही.

"दत्तोबा. सुरुवात बरी, पुढं बोलते फार. दोन घरं सोडून राहणारे कोणी, नाव सांगितलं नाही. अजून बघितली नाही, पण छान आहे, एकदा बघण्यासारखी आहे. चक्कीवाले. आवाज मोठा. त्यांची बायको. हिच्या आईइतकी ही जमली नाही. देशमाने गुरुजी. तंत्र आहे, आत्मा नाही."

बायकांनी पदर तोंडाला लावले. हसू लपवायला लावले की काय, ते कळत नव्हतं.

"भागाबाई," येसबानं पान उलटलं. "पोर सरळ चालते." त्यानं मान वर केली. "हीच तक्रार तिची त्याही वेळी होती. मी म्हटलं, घरची बाकडी फिरवून बघतो."

"जावईबापू," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पुरे."

"चारच राहिलेत मामा."

"मी म्हणतो पुरे." त्यांनी डोळे मिटले. मामींनी तांब्या आणून दिला. त्यांनी तो हातात धरला, पण प्याले नाहीत.

हौसा गाडीच्या चाकाशी उभी होती. ती रागावलेली दिसत नव्हती. ती नवऱ्याकडं बघत होती. आठ दिवस तिनं ती ट्रंक ढकलली होती.

"दहा जणांचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."

"माझं?"

"तुमचं. मी तुम्हाला कशी वाटते? सगळ्यांच्या देखत सांगा. मग मी गाडीत बसते."

गाडीवाल्यानं बैलांच्या घुंगरांवर हात ठेवला. रंगरावांनी मिटलेला एक डोळा उघडला. मामी ताट धरून जावयाला मानेनं खुणावत होत्या, बोला, बोला. एक शब्द पुरला असता. चांगली. एवढाही पुरला असता.

येसबानं तोंड उघडलं. त्याला हौसा फार आवडायची. ते सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण त्याआधी त्यानं वहीचं पहिलं पान उघडून खात्री करून घेतली. दोन रेघा होत्या.

"आत्ता सांगता येणार नाही," तो म्हणाला. "शेवट बघितल्याशिवाय मत नाही. तू संपलीस की सांगतो."

ट्रंक खाली उतरली. ह्या वेळी ती मामींनी ओढली नाही. हौसानंच उचलली आणि उंबऱ्याच्या, माजघराच्या आणि स्वयंपाकघराच्याही पलीकडं नेऊन ठेवली. दार लागलं. गाडी रिकामी गेली. बायका घरोघरी गेल्या आणि वाटेत एकमेकींना आपापलं मत सांगू लागल्या.

रंगरावांनी मग ते पाणी प्यालं. पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, ह्या वेळी माझं सांगायचं चुकलं नाही."

"असू दे मामा," येसबा म्हणाला. "होतं असं."

आणि तो बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसला. वहीचं कोरं पान उघडलं, वर सुरेख अक्षरात 'हौसा' असं लिहिलं, पेन्सिलीला टोक केलं आणि शेवट व्हायची वाट बघू लागला.